आढळलं नाही

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होते, पण विषयच असा की सुरुवात कुठून करावी कळेना. गुडघ्याचं, मोतीबिंदूचं, अगदी हृदयाचं ऑपरेशन झालं तरी लोक लग्नाच्या पंगतीत बसून त्याचं साग्रसंगीत वर्णन करतात. वृषणाचं झालं तर मात्र "जरा एक छोटंसं ऑपरेशन होतं" एवढ्यावर भागवतात. शब्दसुद्धा कुणी नीट उच्चारत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे शेजारपाजारच्यांच्या लेखी "रक्त-लघवी तपासणाऱ्या मॅडम". ते तर करतेच, पण माझा खरा जीव हिस्टोपॅथॉलॉजीत. ऑपरेशनमध्ये शरीरातून जे काढलं जातं ते आमच्याकडे येतं. ते काय आहे, कुठवर पसरलंय, काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत पोचलंय का, हे बघून आम्ही लिहून द्यायचं. पेशंट आम्हाला बघत नाही, आम्ही पेशंटला बघत नाही. मधे असते ती एक बरणी.

ती बरणी त्या दिवशी साठीच्या एका गृहस्थांनी आणली. आमच्याकडे जिल्ह्याच्या गावात अजून असंच चालतं. ऑपरेशन झालं की नातेवाइकांच्या हातात बरणी देतात आणि "लॅबला पोचवा" म्हणून सांगतात. कापडी पिशवी, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्लास्टिकची बरणी. त्यांनी ती काउंटरवर ठेवली पण झाकणावरचा हात काही काढला नाही.

"मॅडम, तपासून झालं की हे परत न्यायचं असतं का?"

"नाही काका. आमच्याकडेच राहतं."

"बरं." थोडा वेळ थांबून म्हणाले, "पोराचं आहे."

बरोबर आलेल्या फॉर्मवर लिहिलं होतं : वय २७, पुरुष, उजवा वृषण, गाठ. पुढे एक प्रश्नचिन्ह. बस्स. गाठ किती दिवस होती, रक्ताच्या तपासण्या काय आल्या, लहानपणी वृषण खाली उतरला होता की नाही, काही नाही. असले अर्धे रिकामे फॉर्म बघायची आम्हाला इतकी सवय झालेली असते की आपण रागावायचं विसरून गेलोय हेसुद्धा लक्षात येत नाही. (ही सवय पुढे मला नडणार होती.)

वृषणाचा कॅन्सर आपल्याकडे तसा दुर्मीळ. वर्षाला लाखात एकाहूनही कमी पुरुषांना होतो. डेन्मार्क, नॉर्वेकडे हेच प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आहे. माझ्यासारखीच्या टेबलावर वर्षाकाठी दोन-तीन नमुने येतात, एखाद्या वर्षी एकही नाही. कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर म्हातारपण येतं. हा मात्र पंधरा ते चाळीस या वयातल्या मुलांना गाठतो. ज्यांची नोकरी नुकती लागलेली असते, ज्यांच्यासाठी स्थळं बघणं चालू असतं, त्यांना. गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून आणि लाज वाटते म्हणून महिने निघून जातात. कुणी हायड्रोसील म्हणतं, कुणी सूज समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स देतं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. संशय आला तर या गाठीत सहसा सुई घालून तुकडा काढत नाहीत, आणि ऑपरेशन अंडकोषाच्या पिशवीवर चिरून करत नाहीत. जांघेत छेद देऊन, वृषणरज्जू म्हणजे स्पर्मॅटिक कॉर्ड वरपर्यंत बांधून, अख्खा वृषण अखंड बाहेर काढतात. याचं कारण गर्भावस्थेत आहे. वृषण तयार होतो पोटात, मूत्रपिंडाच्या आसपास, आणि मग खाली उतरतो. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या तो वरूनच सोबत आणतो. त्यामुळे त्याचा कॅन्सर पसरतो तो पोटात मागच्या बाजूला, महारोहिणीजवळच्या गाठींमध्ये. पिशवीच्या कातडीचा निचरा मात्र जांघेतल्या गाठींकडे होतो. पिशवी चिरली की रोगाला आपणच एक नवी वाट दाखवून देतो. या सर्जनने सगळं नीट केलं होतं. जांघेतून, अखंड, कॉर्डसकट. फॉर्म भरायचा तेवढा कंटाळा.

बरणी उघडली. हातमोजे घातले, वजन केलं, मापं घेतली. धडधाकट वृषण पंधरा-वीस ग्रॅमचा असतो. हा त्याच्या कितीतरी पट जड. बाहेरचं पांढरं, चिवट आवरण, म्हणजे ट्यूनिका अल्ब्युजिनिया, ताणून गुळगुळीत झालेलं होतं. या आवरणामुळे एक अडचण होते. फॉर्मॅलिन मुळातच सावकाश मुरतं, तासाला साधारण एक मिलिमीटर. वृषण न कापता बरणीत ठेवला तर बाहेरून टणक आणि आतून सडका होतो. म्हणून तो आल्या आल्या चिरून रात्रभर ताज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा असतो.

पण चिरण्याच्या आधी एक काम. कॉर्डचं वरचं टोक, जिथे सर्जनने कापलंय ते, आधी वेगळं घ्यायचं. मग कॉर्डचे मधले आणि खालचे तुकडे. गाठीला चाकू लावायचा तो सगळ्यात शेवटी.

हा क्रम मी पुस्तकात वाचला होता, पण शिकले एका फजितीतून. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना असाच एक वृषण माझ्या वाट्याला आला. उत्साहाच्या भरात मी थेट मधोमध कापला, गाठ बघून घेतली, वहीत चित्र काढलं आणि मग त्याच चाकूने, त्याच फळीवर कॉर्डचे तुकडे घेतले. चार दिवसांनी स्लाइड बघते तर कॉर्डच्या शिरांमध्ये कॅन्सरच्या पेशी! मी धावतच आमच्या मॅडमकडे गेले. काहीतरी मोठं सापडवल्याचा आनंद चेहऱ्यावर असणार. (आता आठवलं की लाज वाटते. कुणाच्या तरी शिरेत कॅन्सर सापडला म्हणून मी खूश होते.) मॅडमनी मायक्रोस्कोपमध्ये मिनिटभर पाहिलं आणि डोळे न उचलता विचारलं, "चाकू पुसला होतास?"

मी गप्प.

सेमिनोमा नावाचा जो प्रकार आहे, त्याच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून नसतात. चाकू फिरला की तुपासारख्या पसरतात आणि जिथे पोकळी दिसेल तिथे जाऊन बसतात, शिरेतसुद्धा. मॅडमनी मला शेजारी बसवून फरक दाखवला. खरोखर शिरेत शिरलेला कॅन्सर शिरेच्या भिंतीला चिकटलेला असतो, पोकळीचा आकार घेतो, कधी त्याच्याभोवती फायब्रिन जमलेलं असतं. चाकूने नेलेल्या पेशी सुट्या, विस्कटलेल्या, मधेच तरंगत असतात, आणि तशाच तुकड्याच्या बाहेरच्या कडेवरही सांडलेल्या दिसतात. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू आत्ता त्या पोराला चार सायकल केमो देऊन मोकळी झाली होतीस."

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. या कॅन्सरची टप्पेवारी आम्ही जी करतो त्यात गाठ वृषणापुरती असेल तर पीटी-१. लसीकावाहिनीत किंवा रक्तवाहिनीत शिरली असेल, एपिडिडिमिसमध्ये गेली असेल, किंवा जिथून वाहिन्या आत येतात तिथल्या मऊ भागात पोचली असेल तर पीटी-२. कॉर्डच्या मऊ भागात असेल तर पीटी-३, अंडकोषाच्या पिशवीत असेल तर पीटी-४. सेमिनोमा सोडून बाकीच्या प्रकारांत, गाठ वृषणापुरतीच असली आणि पुढे नुसतं लक्ष ठेवलं, तर शिरांमध्ये शिरकाव नसताना रोग उलटण्याची शक्यता साधारण पंधरा टक्के. शिरकाव असेल तर पन्नासच्या आसपास. म्हणजे माझ्या रिपोर्टातल्या त्या एका ओळीवर, मुलाने नुसतं तपासण्यांना येत राहायचं की केमोच्या खुर्चीत बसायचं, हे ठरू शकतं. आणि ती ओळ मी न पुसलेल्या चाकूने लिहायला निघाले होते.

असो. तर ही बरणी. दुसऱ्या दिवशी चिरलेले काप फळीवर मांडले. साडेचार सेंटिमीटरची गाठ, फिकट मलईच्या रंगाची, एकसारखी, कापल्यावर जरा वर फुगून आलेली. रक्तस्राव नाही, सडलेला भाग नाही. बघताक्षणी सेमिनोमा वाटावा अशी. नियम असा की गाठ लहान असेल तर अख्खी घ्यायची, मोठी असेल तर दर सेंटिमीटरला निदान एक तुकडा. शिवाय गाठ आणि निरोगी भाग यांची सीमा, रीट टेस्टिस, एपिडिडिमिस, आवरण. आणि वेगळं दिसेल ते सगळं, मग ते कितीही छोटं असो. मी हिशेबाने तुकडे घेतले. उरलेले काप बरणीत परत गेले.

स्लाइडवर अपेक्षेप्रमाणे सेमिनोमाच दिसला. स्वच्छ, पारदर्शक पोटाच्या मोठ्या मोठ्या पेशी, मधे ठळक केंद्रकं, पेशींच्या झुबक्यांमधून तंतूंचे पडदे आणि त्या पडद्यांत लिम्फोसाइट्स. गाठीबाहेरच्या नळ्यांमध्ये जर्म सेल निओप्लेझिया इन सिटू, म्हणजे कॅन्सरची आधीची अवस्था. डेन्मार्कच्या नील्स स्काकेबेक यांनी १९७२ साली, मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांच्या बायोप्सीत ही अवस्था ओळखली. आजचं हे नाव तिला २०१६च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात मिळालं. एका शिरेत चार-पाच सुट्या पेशी तरंगत होत्या. मॅडमची आठवण काढून शांतपणे बघितलं. चिकटलेल्या नाहीत, फायब्रिन नाही, तशाच पेशी कडेवरही सांडलेल्या. हे मोजायचं नाही.

रिपोर्ट लिहिला. निव्वळ सेमिनोमा, साडेचार सेंटिमीटर, कॉर्डचं टोक मोकळं. सही केली आणि ट्रेमध्ये ठेवला. संध्याकाळी काका येऊन नेणार होते.

दुपारी डबा खाताना माझी नजर रिकाम्या फॉर्मवर गेली. सवयीने तो बाजूला सारणार होते. का कोण जाणे, फोन उचलला. सर्जन ऑपरेशनमध्ये होते, त्यांच्या असिस्टंटने केसपेपर काढून वाचून दाखवला. बीटा एचसीजी नॉर्मल, एलडीएच थोडं जास्त, एएफपी...

एएफपीचा आकडा तीन अंकी होता.

हातातला घास तसाच राहिला. निव्वळ सेमिनोमा अल्फा फीटो प्रोटीन तयार करत नाही. ते करतो प्रामुख्याने योक सॅक ट्यूमर. यकृताचं काही दुखणं नसताना एएफपी एवढं चढलेलं असेल आणि स्लाइडवर नुसता सेमिनोमा दिसत असेल, तर दोनच शक्यता. एक, दुसरा प्रकार शरीरात दुसरीकडे कुठेतरी आहे. दोन, तो माझ्या बरणीत आहे आणि मी त्याच्या शेजारून चाकू फिरवून आलेय.

ट्रेमधला रिपोर्ट काढून घेतला. काका आल्यावर सांगितलं, "अजून दोन-चार दिवस लागतील." ते काही बोलले नाहीत. "वाईट आहे का?" हे विचारायचं त्यांच्या ओठांवर होतं, ते मला दिसत होतं. रिकामी पिशवी घडी घालून ते निघून गेले.

बरणी पुन्हा उघडली. सगळे काप खिडकीजवळच्या उजेडात एकेक करून पाहिले. खालच्या टोकाच्या कापात, कडेला, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा एक ठिपका. बाकीच्या मलईत जरासा पिवळसर, जरासा बुळबुळीत. पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोरून तो गेलाच असणार. दिसला नाही कारण मी निदान आधीच करून बसले होते. तो घेतला, आणि उरलेली गाठही सगळी घेतली. टेक्निशियनच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष केलं.

त्या ठिपक्यात पेशींचं जाळीदार विणकाम होतं, लेससारखं, आणि एके ठिकाणी मधोमध छोटी रक्तवाहिनी घेऊन बसलेली शिलर-डुव्हाल बॉडी. खात्रीसाठी ब्लॉक मोठ्या लॅबला पाठवून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करून घेतली. सेमिनोमाच्या भागात ऑक्ट ३/४ होतं, ठिपक्यात ते नव्हतं. ठिपक्यात एएफपी आणि ग्लिपिकॅन-३. योक सॅक ट्यूमर. गाठीच्या पाच टक्केसुद्धा नाही.

पाच टक्क्यांनी काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बिघडतं. सेमिनोमाला रेडिएशन मानवतं, कधी कार्बोप्लॅटिनचा एक डोस देतात. मिश्र जर्म सेल ट्यूमरचा रस्ताच वेगळा. तिथे केमो द्यायचीच झाली तर ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन, आणि लक्ष ठेवायचं तर जास्त कडक. आता खरं सांगायचं तर एएफपीचा आकडा बघून पुढच्या कॅन्सरतज्ज्ञाने हे बहुधा पकडलंच असतं. पण त्यासाठी दोन्ही कागद एकाच टेबलावर यायला हवेत, आणि ते बघणाऱ्याला त्या दिवशी घाई नको. जिल्ह्याच्या गावात या दोन गोष्टी मी गृहीत धरत नाही.

नवा रिपोर्ट लिहिताना मी प्रत्येक शब्दापाशी थांबत होते. हल्ली आम्ही असे रिपोर्ट निबंधासारखे लिहीत नाही. ठरलेल्या मुद्द्यांची यादी असते, सिनॉप्टिक म्हणतात. प्रकार आणि प्रत्येकाचे टक्के, आकार, रीट टेस्टिस, वाहिन्या, कॉर्ड, कडा. वर्षाला दोन-तीन केसेस बघणाऱ्या माझ्यासारखीला या यादीचा मोठा आधार. त्या यादीत एक शब्दप्रयोग आहे, नॉट आयडेंटिफाइड. आढळलं नाही. आम्ही "नाही" असं लिहीत नाही. शिकत असताना मला ही पळवाट वाटायची, वकिली भाषा. आता वाटतं, आमच्या धंद्यातला हा सगळ्यात प्रामाणिक शब्द आहे. मी इतके तुकडे घेतले, इतक्या स्लाइड पाहिल्या, त्यांत दिसलं नाही. बरणीत काय होतं आणि मी काय पाहिलं यांतलं अंतर त्या शब्दात मान्य केलेलं असतं. फक्त तो शब्द लिहायचा हक्क मिळण्यापुरतं तरी बघितलेलं असायला हवं.

काका रिपोर्ट न्यायला आले तेव्हा मुलगाही बरोबर होता. उंच, सावळा, जांघेत टाके असल्यामुळे जपून चालणारा. त्याने काउंटरवरच पाकीट फोडलं आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. सगळं इंग्रजी. मग बोट ठेवून विचारलं, "मॅडम, इथे चार-पाच ठिकाणी नॉट आयडेंटिफाइड लिहिलंय. म्हणजे तुम्हाला ओळखता नाही आलं का?"

मी त्याला आत बोलावलं आणि खुर्ची दिली. एरवी मी हे करत नाही. उपचारांचं सर्जनने बोलायचं असतं, पण शब्दांचा अर्थ सांगायला काय हरकत आहे! सांगितलं की ज्या ज्या ठिकाणी पसरण्याची भीती होती तिथे शोधलं आणि सापडलं नाही, म्हणून तसं लिहिलंय. हेही सांगितलं की कॅन्सर असला तरी हा सगळ्यात जास्त बऱ्या होणाऱ्या कॅन्सरपैकी आहे. १९७४ साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन वापरायला सुरुवात केली. त्याआधी शरीरभर पसरलेल्या रोगातून फार थोडे वाचत. आता पसरलेला असतानाही बहुसंख्य बरे होतात. मुलाला क्रिकेटचा नाद असावा, म्हणून युवराज सिंगचं नाव घेतलं. त्याची गाठ छातीत होती, पण जात सेमिनोमाचीच, आणि उपचार झाले ते याच आइनहॉर्नकडे. २०१२ साली केमो संपवून तो त्याच वर्षी पुन्हा भारताकडून खेळला. मुलगा पहिल्यांदा जरासा हसला.

पुढे काय झालं ते सर्जनकडून कळलं. सीटी स्कॅन साफ होता. एएफपी दर पाच ते सात दिवसांनी निम्मं व्हायला हवं, तसं ते उतरत उतरत नॉर्मलला आलं. वाहिन्यांमध्ये शिरकाव आढळला नव्हता, म्हणून केमो न देता लक्ष ठेवायचं ठरलं. दर थोड्या दिवसांनी रक्त आणि ठरलेल्या वेळी स्कॅन. रक्त द्यायला तो आमच्याच लॅबमध्ये येतो.

परवा त्याच्याबरोबर काका आले होते. मुलगा आत रक्त देत होता तेव्हा हळूच माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, एक विचारू? एका... एकावर मूल होतं ना?"

"होतं की काका. दुसरा चांगला असला तर एक पुरतो. लग्नाआधी एकदा वीर्याची तपासणी करून घ्या."

"आणि मुलीकडच्यांना सांगावं लागेल का?"

पटकन "हो" म्हणणार होते. मग आठवलं की तो काउंटरवर पाकीट फोडणारा मुलगा आत बसलाय आणि हा प्रश्न त्याचा आहे. म्हटलं, "ते त्यालाच ठरवू दे. माझ्या मताने सांगावं." काकांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मुलगा दंडावर कापूस दाबत बाहेर आला आणि दोघं निघाले.

नमुना संध्याकाळी मशीनवर लावला. निकाल नॉर्मल. तो छापायच्या आधी मी फॉर्म पाहिला. नाव, वय, तारीख, मागचा आकडा, सगळं भरलेलं होतं. हल्ली मी रिकामा फॉर्म काउंटरवरून पुढे जाऊ देत नाही. सर्जन लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.